‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांतील अंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर मधुमेहासंबंधी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. लेख अभ्यासून लिहिलेला होता आणि आहार, व्यायाम व नियमित तपासणी यांविषयी त्यात सांगितलेले सारे योग्यच होते. मात्र एका परिच्छेदात ‘हायपोग्लायसेमिया’ आणि ‘हायपरग्लायसेमिया’ या दोन शब्दांची अदलाबदल झाली होती. लक्षणे एका स्थितीची आणि नाव दुसरीचे, असा प्रकार त्यात घडला होता. एखादी वेलांटी चुकली किंवा एखादा काना गळला, तर वाचक ती चूक मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. ही चूक त्या जातीची नाही. येथे चुकून पडलेला शब्दही तितकाच शुद्ध, तितकाच शास्त्रीय असतो, आणि म्हणून काही चुकले आहे अशी शंकादेखील वाचकाला येत नाही. एवढ्याचसाठी हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

हे दोन्ही शब्द इंग्रजीत ग्रीक भाषेतील घटकांपासून घडले आहेत. ‘ग्लायसेमिया’ हा उत्तरार्ध दोहोंत सारखाच असून त्यात ‘गोड’ आणि ‘रक्त’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द एकत्र आले आहेत. म्हणजे हा भाग केवळ रक्तातील साखरेचा निर्देश करतो, ती वाढली की घटली याविषयी काहीही सांगत नाही. ते सांगण्याची सगळी जबाबदारी आरंभीच्या घटकावर आहे. ‘हायपर’ म्हणजे वर, पलीकडे, प्रमाणाबाहेर. ‘हायपो’ म्हणजे खाली, प्रमाणापेक्षा कमी. त्यामुळे हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातील साखर वाढणे आणि हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातील साखर घटणे. इतके लांबलचक दोन शब्द आणि त्यांना परस्परविरुद्ध करणारा भाग जेमतेम दोन अक्षरांचा.

मराठी वाचकाला हे दोन घटक परके वाटण्याचे खरे तर कारण नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवून दिल्याप्रमाणे ग्रीकमधील ‘हायपर’ आणि संस्कृतमधील ‘उपरि’ ही एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत, आणि ग्रीकमधील ‘हायपो’ हा संस्कृतमधील ‘उप’ या उपसर्गाचा सख्खा भाऊ आहे. आपण ‘उपर्युक्त’ म्हणतो तेव्हा वर सांगितलेले असा अर्थ घेतो, आणि आपला रोजचा ‘वर’ हा शब्दही त्या ‘उपरि’पासूनच झिजत झिजत आलेला आहे. उलट ‘उपनदी’, ‘उपकथानक’, ‘उपसंपादक’ या शब्दांतील ‘उप’ जवळचे, दुय्यम, खालच्या पायरीवरचे असे काही सुचवतो. लॅटिनमधील ‘सुपर’ आणि ‘सब’ ही जोडीही याच घराण्यातील असून इंग्रजीमार्गे ती आपल्या बोलण्यात केव्हाच रुळली आहे. या नात्याचा एक व्यावहारिक उपयोग आहे. हायपर, उपरि, सुपर आणि वर या चारही शब्दांत ‘र’ आहे. हायपो, उप आणि सब यांत तो नाही. ज्यात ‘र’ तो ‘वर’, इतके ध्यानात ठेवले तरी या दोन शब्दांची गल्लत होण्याचे कारण उरत नाही. माझ्या कुटुंबातील लहानथोरांना मी हे शिकवले आहे आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनी ते मोठ्यांपेक्षा आधी आत्मसात केले.

तरीही गल्लत होते, कारण छापील पानावर डोळा प्रत्येक अक्षर वाचत नाही. शब्दाचा आरंभ आणि शेवट ओळखीचा दिसला की तो पुढे सरकतो, आणि या दोन शब्दांचा आरंभ ‘हाय’ व शेवट ‘ग्लायसेमिया’ असा अगदी एकच आहे. मधल्या ‘पर’ आणि ‘पो’ यांच्याकडे लक्ष जाण्यापूर्वीच नजर पुढच्या ओळीवर गेलेली असते. इंग्रजीत तर ही अडचण कानालाही जाणवते. ब्रिटिश धाटणीच्या उच्चारात ‘हायपर’मधील अखेरचा ‘र’ व्यंजनापूर्वी उच्चारला जात नाही, त्यामुळे दोन शब्दांतील सारा फरक एका स्वरावर येऊन ठेपतो. मराठी उच्चारात तो ‘र’ ऐकू येतो हे आपले सुदैव. पण दूरध्वनीवर, गर्दीत किंवा घाईत बोलणाऱ्याच्या तोंडून तोही पुसट होतो. शिवाय रुग्णालयात पूर्ण शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. ‘हायपो झाला’, ‘हायपो दिसतोय’ असे तुटक बोलले जाते, आणि बोलणाऱ्याच्या मनात जे अगदी स्वच्छ असते ते ऐकणाऱ्याला त्याच्या वाचनातून, म्हणजे बहुधा वर्तमानपत्रातूनच, उलगडून घ्यावे लागते.

आता या दोन स्थिती प्रत्यक्षात कशा असतात ते पाहू, म्हणजे मी या अदलाबदलीला साधी मुद्रणचूक का मानत नाही ते स्पष्ट होईल. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात, आणि ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर समजली जाते. ज्यांना इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू आहेत, त्यांचे एखादे जेवण चुकले, औषधाची मात्रा जास्त झाली किंवा नेहमीपेक्षा अधिक श्रम झाले, तर हा प्रसंग ओढवू शकतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि ग्लुकोजचा म्हणण्यासारखा साठा मात्र त्याच्याजवळ नसतो. त्यामुळे साखर घटली की प्रथम शरीर ॲड्रेनलिन सोडून धोक्याची सूचना देते. हातांना कंप सुटतो, छातीत धडधडते, दरदरून घाम येतो, पोटात भुकेची आग पडते. त्यानंतर मेंदूचाच कारभार मंदावतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, विनाकारण चिडतो, अडखळतो, मद्यपान केल्यासारखा वागतो, आणि वेळीच उपाय झाला नाही तर झटके येऊन बेशुद्ध होतो. हे सारे काही मिनिटांत घडू शकते.

साखर वाढण्याची गती याहून वेगळी. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर ही मधुमेहाच्या निदानाची मर्यादा मानली जाते; परंतु अनेकांची साखर त्याहून कितीतरी वर असूनही त्यांना बराच काळ विशेष त्रास जाणवत नाही. तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते, थकवा येतो, दृष्टी धूसर होते, वजन उतरते; आणि हे तासातासाने, कित्येकदा दिवसादिवसाने वाढत जाते. इन्सुलिनची फारच उणीव झाली तर रक्त आम्लधर्मी होऊ लागते, श्वास खोल व जलद होतो, श्वासाला फळांसारखा वास येतो, उलट्या होतात. ही स्थितीसुद्धा प्राणावर बेतणारी असते, पण तिच्यावरचा उपाय इन्सुलिन आणि शिरेतून द्यावयाचे द्रव हा आहे. घटलेल्या साखरेवरचा पहिला उपाय म्हणजे रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर तोंडावाटे देणे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणे आणि आवश्यक तर तेच पुन्हा करणे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नसते. तेथे साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाचे इंजेक्शन किंवा शिरेतून ग्लुकोज हाच मार्ग. म्हणजे एका स्थितीत जे औषध, तेच दुसऱ्या स्थितीत अपाय. त्यातही अपाय दोन्ही बाजूंना सारखा नाही. आधीच वाढलेल्या साखरेत आणखी १५ ग्रॅमची भर पडल्याने तत्काळ मोठा अनर्थ होत नाही, आणि म्हणूनच तपासणीची सोय नसेल व शंका असेल तर साखर घटली आहे असे समजून चालावे असे सांगितले जाते. परंतु घटलेल्या साखरेवर इन्सुलिन टोचले, तर माणूस दगावू शकतो.

यात इतिहासाचाही एक धागा आहे. १९२१ साली टोरोंटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि ११ जानेवारी १९२२ रोजी ते प्रथमच १४ वर्षांच्या एका मधुमेही मुलाला टोचण्यात आले. तोपर्यंत मधुमेह म्हणजे साखर वाढणे एवढेच समीकरण होते. साखर उतरवण्याचे समर्थ साधन हाती आले, तेव्हाच ती प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोकाही मधुमेह्यांच्या घरात आला. लोकांच्या मनात मात्र जुने समीकरण अजून पक्के बसलेले आहे, आणि मधुमेह्याला काहीही झाले तरी साखर वाढली असेल असेच प्रथम वाटते. जेथे समज आधीच एका बाजूला कललेली आहे, तेथे छापील शब्द उलटा पडला तर तिला सावरायला काहीच उरत नाही.

हे मी पुस्तकी माहितीवरून लिहीत नाही. माझी आई वीस वर्षांहून अधिक काळ इन्सुलिन घेत होती. एके दिवशी पहाटे ती अंथरुणावर घामाने भिजलेली आढळली. हात थंडगार होते आणि प्रश्नांची उत्तरे ती भलतीच देत होती. साखर मोजण्याच्या यंत्रातील सेल नेमके संपले होते. माझ्या धाकट्या भावाने परिचयातील एका परिचारिकेला दूरध्वनी केला. लक्षणे ऐकताच त्या ‘हायपो आहे, वेळ घालवू नका’ असे म्हणाल्या आणि तेवढ्यात संपर्क तुटला. आमच्या कपाटाच्या दाराला मधुमेहाविषयीचे एका वृत्तपत्रातील कात्रण कित्येक महिने चिकटवलेले होते. भावाने ते वाचले. त्यात हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर वाढणे असे सरळ छापलेले होते. आईच्या तोंडून मधूनच ‘साखर’ एवढा एकच शब्द येत होता. साखर वाढली असे तिला म्हणायचे होते की साखर द्या असे, हे त्या क्षणी कोण सांगणार? भावाने इन्सुलिनची कुपी बाहेर काढली होती. तिला आलेला घाम मला खटकत होता, कारण साखर वाढलेली असताना ती पूर्वी कधी अशी घामाघूम झालेली मी पाहिली नव्हती, आणि केवळ तेवढ्या आठवणीवरून मी त्याला थांबवले. भिंतीवरच्या घड्याळातील सेल काढून आम्ही यंत्रात घातले. आकडा ४६ आला. पाण्यात विरघळवलेले ग्लुकोज तिने घोट घोट करून घेतले. पंधरा मिनिटांनी आकडा ७४ झाला आणि तिने मला नावाने हाक मारली. भावाचा त्यात काडीचाही दोष नव्हता. त्याने छापील शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि तसा तो ठेवावा अशीच आपणा सर्वांची अपेक्षा असते.

ही जोडी एकटी नाही, म्हणून प्रश्न एका लेखापुरता राहत नाही. हायपरथायरॉइडिझममध्ये गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम वाढते, वजन उतरते, छाती धडधडते, उष्णता सोसवत नाही. हायपोथायरॉइडिझममध्ये ते मंदावते, वजन वाढते, थंडी सोसवत नाही, सुस्ती येते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हायपोथर्मिया, आणि बाहेरील उष्णतेमुळे ते धोकादायक पातळीला चढले की हायपरथर्मिया. एकात ऊब द्यायची, दुसऱ्यात शरीर थंड करायचे. रक्तातील पोटॅशियम वाढण्याला हायपरकॅलेमिया व घटण्याला हायपोकॅलेमिया म्हणतात, आणि दोन्हींत हृदयाची लय बिघडू शकते, पण पोटॅशियम द्यायचे ते फक्त दुसरीत. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र मराठी वाचक बऱ्यापैकी सुरक्षित आहे, आणि त्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. हायपरटेन्शनला ‘उच्च रक्तदाब’ हा सुटसुटीत शब्द वृत्तपत्रांनीच वर्षानुवर्षे वापरून रूढ केला. तो वाचताना कोणाचाही गोंधळ होत नाही. जे रक्तदाबाच्या बाबतीत साधले, ते साखरेच्या बाबतीत का साधू नये?

वैद्यकक्षेत्राने सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या नावांचा हा धोका पूर्वीच ओळखलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय जाहीर केले, त्यांत पहिलाच उपाय सारख्या भासणाऱ्या औषधनावांविषयीचा होता. इंग्रजीत अशा जोड्यांमध्ये वेगळेपण असलेला भाग मोठ्या लिपीतील अक्षरांनी छापण्याची पद्धत आहे; उदाहरणार्थ, रक्तदाबावरचे हायड्रॅलाझिन आणि ॲलर्जीवरचे हायड्रॉक्सिझिन या नावांतील वेगळा भाग ठळकपणे उठून दिसेल असा लिहिला जातो. देवनागरीत लहान आणि मोठी अशी अक्षरे नाहीत, त्यामुळे ती युक्ती आपल्याला जशीच्या तशी उपलब्ध नाही. आपल्याला आपल्या भाषेतूनच मार्ग काढावा लागेल, आणि तो काढणे मुळीच कठीण नाही.

काही जण म्हणतील की यासाठी संस्कृतोद्भव संज्ञा घडवाव्यात. ‘अतिशर्करा’ आणि ‘अल्पशर्करा’ असे शब्द सहज सुचतात. त्यांना माझा विरोध नाही. परंतु त्यांतही तीच उणीव लपलेली आहे, कारण दोन्हींचा आरंभ ‘अ’ने आणि शेवट ‘शर्करा’ने होतो व फरक पुन्हा मधल्या एखाददुसऱ्या अक्षरावर जातो. शिवाय रुग्णालयात कोणीही हे शब्द उच्चारणार नाही. वाचकाच्या कानावर ‘हायपो’ हाच शब्द पडणार आहे, म्हणून तो छापणे टाळूनही चालणार नाही. माझी विनंती एवढीच आहे की, हे दोन शब्द जेथे जेथे येतील तेथे तेथे, लेखात एकदा अर्थ सांगून झाला असला तरीही, त्यांच्या लगतच ‘म्हणजे साखर घटणे’ किंवा ‘म्हणजे साखर वाढणे’ असे लिहावे. ‘घटणे’ आणि ‘वाढणे’ या क्रियापदांत आरंभीचे अक्षर समान नाही आणि उच्चारही वेगळा. घाईतल्या वाचकालाही त्यांची अदलाबदल करता येणार नाही. यामुळे प्रत्येक उल्लेखात तीन शब्द वाढतील आणि लेखकाला पुनरुक्ती झाल्यासारखे वाटेल, हे मला मान्य आहे. ललित लेखनात पुनरुक्ती दोष असेलही, पण औषधोपचाराविषयीच्या मजकुरात ती असायलाच हवी. याचा आणखी एक लाभ मुद्रितशोधकाला होईल. ‘हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर वाढणे’ असे वाक्य समोर आले तर विसंगती त्याला दिसू शकेल. नुसता ‘हायपोग्लायसेमिया’ एकटाच असेल तर वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या मुद्रितशोधकाने ती चूक कशी ओळखावी?

लेखाच्या शीर्षकांबाबतही काळजी घ्यावी असे सुचवावेसे वाटते. जागा वाचवण्यासाठी शीर्षकात केवळ ‘हायपो’ किंवा ‘हायपर’ एवढेच लिहिले जाते, आणि पुष्कळ वाचक शीर्षकाच्या पुढे जातच नाहीत. तेथे ‘साखर एकदम घटली तर’ असे साधे मराठी शीर्षक अधिक स्पष्ट ठरेल आणि जागाही जवळजवळ तितकीच घेईल.

अखेरीस प्रस्तुत लेखाच्या दुरुस्तीविषयी. ती आपण प्रसिद्ध कराल याविषयी मला शंका नाही. परंतु आपल्या वृत्तपत्रांतील दुरुस्त्यांची रूढ पद्धत ‘अमुकऐवजी तमुक वाचावे’ अशी असते. या ठिकाणी तसे केल्यास ‘हायपोऐवजी हायपर व हायपरऐवजी हायपो वाचावे’ असे वाक्य तयार होईल, आणि ते वाचून ज्याने मूळ लेख वाचलेला नाही त्याच्याही मनात नव्याने गोंधळ उत्पन्न होईल. म्हणून चुकलेला संपूर्ण परिच्छेद, लक्षणे आणि उपाय यांसह, दोन्ही स्थितींचे अर्थ मराठीत देऊन, त्याच पानावर आणि मूळ लेखाच्या अक्षरांइतक्याच मोठ्या अक्षरांत पुन्हा छापावा. ज्यांनी मूळ लेखाचे कात्रण काढून ठेवले असेल, त्यांनी ते काढून त्या जागी नवे लावावे, असेही त्यात स्पष्ट शब्दांत सांगावे.

आपला नम्र,
एक वाचक